तरुण वयात लकवा: रक्तातला दोष नेमका कसा शोधायचा?

एरंडोलची_ताई (मे)

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ, वय ३४. एरंडोल तालुक्यात आमची शेती, कापूस आणि मका. या महिन्याच्या सुरुवातीला सकाळी चहा घेताना त्याच्या उजव्या हातातून कप निसटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि बोलायला गेला तर शब्दच फुटेनात. पारा ४५ च्या वर होता, म्हणून घरच्यांना वाटलं ऊन लागलं. मीठ-साखरेचं पाणी पाजलं, कांदा हुंगवला, सावलीत निजवलं. जळगावला पोचेपर्यंत दुपार टळून गेली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली दिसली. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली होती.

आता तो घरी आहे. बोलणं हळूहळू येतंय, हात अजून उचलत नाही. तपासण्यांची मोठी यादी झाली. त्यात "एमटीएचएफआर: एक प्रत बदललेली", "प्रोटीन एस: कमी", "होमोसिस्टीन: ३८" असं आलंय. फॅक्टर पाच लायडन नॉर्मल. रिपोर्ट देणाऱ्या माणसाने सांगितलं, "तुमच्या खानदानात रक्त गोठायचा जनुकीय दोष आहे." तेव्हापासून घरात कोणाला झोप नाही. आमचे वडील ४२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. सासरकडच्यांना हे सांगायचं का, तिची आणि माझ्या मुलांची तपासणी करायची का, काहीच सुचत नाही. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. भावाला तंबाखूची सवय आहे, दारू नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भुसावळ_जंक्शन

ताई, भावाला लवकर आराम पडो. फिजिओथेरपी एक दिवसही चुकवू नका, पहिल्या काही महिन्यांत जेवढं परत येतं तेवढं नंतर येत नाही. आमच्या रेल्वे कॉलनीत दोन जणांचं बघितलंय.

तापीकाठचा_डॉक्टर

ताई, मी एमडी मेडिसिन, तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. पण घरातली भीती कमी करता येईल एवढं नक्की सांगतो.

आधी एमटीएचएफआर. हे एका जनुकाचं नाव आहे, आणि जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. हा बदल जगभरात इतक्या लोकांमध्ये सापडतो की एक प्रत बदललेली असणं याला दोष म्हणणंच चूक आहे. त्याने गुठळीचा धोका वाढतो असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशिकीच्या संस्थेने २०१३ मध्येच सांगितलंय की गुठळीचं कारण शोधायला ही तपासणी करू नये. "खानदानी दोष" हे वाक्य या एका ओळीवरून कोणी बोललं असेल तर ते मनातून काढून टाका.

आता मूळ मुद्दा. रक्ताच्या गुठळ्या दोन ठिकाणी होतात, धमनीत आणि शिरेत. फॅक्टर पाच लायडन, प्रोथ्रोम्बिनचा बदल, प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रोम्बिन या रक्त गोठण्याशी संबंधित प्रथिनांचे आनुवंशिक दोष मुख्यतः शिरांत गुठळी करतात. पोटरी सुजते, गुठळी फुप्फुसात जाते. लायडन हा बदल १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या त्याच नावाच्या गावी सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांत तो शंभरात पाच जणांकडे असतो, आपल्याकडे त्याहून बराच कमी. प्रोथ्रोम्बिनचा बदल तर भारतात फारच विरळा. तुमच्या भावाची धमनी बंद झाली आहे. धमनीच्या लकव्याशी या दोषांचं नातं क्षीण आहे.

शिरेतली गुठळी मेंदूच्या धमनीत पोचायचा एक आडमार्ग आहे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र जन्मानंतर बंद व्हायला हवं, पण चारांपैकी एका माणसात ते थोडं उघडं राहतं. पायातली गुठळी त्यातून डाव्या बाजूला सरकली की थेट मेंदूकडे जाते. म्हणून तरुण रुग्णाच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, शिरेतून बुडबुड्यांचं सलाईन सोडून पाहतात. मात्र हे छिद्र इतक्या निरोगी लोकांत असतं की ते सापडलं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही.

मला तुमच्याकडून पुढची माहिती हवी: भावाचं बीपी याआधी कधी मोजलं होतं का? साखर? साधा इको झाला का, झडपा कशा आहेत? लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का? आपल्याकडे ऱ्हुमॅटिक झडपेतून उडालेली गुठळी हे तरुण लकव्याचं आजही मोठं कारण आहे. मानेच्या धमन्यांची अँजिओग्राफी झाली का? त्याआधी मानेला झटका, पडणं, चंपी-मालिश?

भुसावळ_जंक्शन

डॉक्टरसाहेब, चंपीचं का विचारलंत? आमच्याकडे दाढीनंतर न्हावी मान दोन्हीकडे कडकड मोडतो, लोक मुद्दाम मोडून घेतात.

तापीकाठचा_डॉक्टर

म्हणूनच विचारलं. मान झटक्याने फिरवली की मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. फाटलेल्या जागी रक्त साचतं, गुठळी होते आणि वर मेंदूत जाते. पन्नाशीच्या आतल्या लकव्यात हे एक महत्त्वाचं कारण आहे. प्रत्येक वेळी होतं असं नाही, पण मान मोडून घेऊन मिळतं काय? न्हाव्याला साफ सांगा, डोक्याची मालिश चालेल, मान वळवायची नाही. मान मोडून घेतल्यानंतर एका बाजूची मान किंवा डोळ्यामागे नवीनच दुखायला लागलं, एक पापणी खाली आली, तर त्याच दिवशी दाखवा.

एरंडोलची_ताई

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. बीपी कधीच मोजलं नव्हतं, दवाखान्यात १५०/९६ होतं. साखर ठीक. साधा इको नॉर्मल, बुडबुड्यांचा केलेला नाही. मानेच्या धमन्या ठीक आहेत असं लिहिलंय. चंपी नाही, सांध्यांचा ताप नाही. प्रोटीन एसचं काय?

सॅम्पल_ते_रिपोर्ट

ताई, मी भुसावळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. प्रोटीन एसचं मी सांगतो, कारण हे सॅम्पल चुकीच्या वेळी आलेलं मी नेहमी बघतो आणि मला त्याचं वाईट वाटतं.

गुठळी झाल्या झाल्या, दवाखान्यात असताना ही पॅनेल पाठवू नये. शरीरात सूज आणि ताण असताना प्रोटीन एस बांधून ठेवणारं दुसरं प्रथिन वाढतं, म्हणून मोकळं प्रोटीन एस कमी दिसतं. ताज्या गुठळीत प्रोटीन सी आणि अँटिथ्रोम्बिन खर्चही होतात. हेपॅरिन हे गुठळी वाढू न देणारं इंजेक्शन चालू असेल तर अँटिथ्रोम्बिन आणखी खाली येतं. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर सी आणि एस दोन्ही कमी येणारच, कारण ती व्हिटॅमिन के वर बनतात आणि वॉरफरिन तेच अडवतं. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर एस आपोआप उतरतं. म्हणजे निरोगी माणसाच्या कपाळी "जन्मजात कमतरता" लागते आणि पुढे सगळ्या नातेवाइकांच्या तपासण्या सुरू होतात. प्रकृती स्थिरावल्यावर, ही औषधं थांबवणं सुरक्षित असेल तेव्हाच, डॉक्टरांना विचारून ती परत करायची असते. जनुकाची तपासणी मात्र कधीही केली तरी तेच उत्तर देते.

एक विनंती. ॲडमिट झाले त्या पहिल्या रात्रीचे साधे रिपोर्ट काढा. त्यात "एपीटीटी" नावाची ओळ असेल, म्हणजे नळीत रक्त गोठायला किती सेकंद लागले ते, आणि सीबीसीमध्ये प्लेटलेट असतील. ते आकडे इथे लिहा. आणि ते सॅम्पल हेपॅरिनचं पोटातलं इंजेक्शन सुरू व्हायच्या आधीचं की नंतरचं, तेही.

केळीपट्टा

ताईंचा विषय वेगळा आहे, पण हा धागा आपल्याकडच्या बायका वाचतील म्हणून लिहिते. मी फैजपूरकडची. पहिल्या बाळंतपणानंतर पंधरवड्याच्या आत मला डोकेदुखी सुरू झाली. आधी वाटलं जागरणाची. मग ती रोज वाढायला लागली, आडवं पडलं की जास्त, खोकलं की जास्त. डोळ्यांपुढे धुरकट दिसायचं. घरातल्या मोठ्या बायका प्रेमानेच वागत होत्या, पण "बाळंतिणीला पाणी जास्त नको, पोट सुटतं" या समजुतीने मला दिवसभरात दोन-तीन पेलेच पाणी मिळायचं. एप्रिल महिना, खोलीत शेगडी, कानाला फडकं. शेवटी फिट आली आणि डावा हात लुळा पडला.

मेंदूच्या शिरेत गुठळी होती. एमआरआयसोबत शिरांचा वेगळा फोटो काढला तेव्हा कळलं. सुदैवाने मी आज पूर्ण बरी आहे, मुलगी शाळेत जाते. पण माझी नणंद किंवा भाची बाळंतीण झाली की मी स्वतः जाऊन तांब्या भरून उशाशी ठेवते. बाळंतिणीची वाढत जाणारी डोकेदुखी कोणीही "बाहेरची बाधा" किंवा "जागरण" म्हणून सोडू नका. हात जोडून सांगते.

तापीकाठचा_डॉक्टर

केळीपट्टा ताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आपल्या देशात तरुण बायकांच्या लकव्यात हे कारण अजिबात दुर्मिळ नाही, आणि वेळेत ओळखलं तर बहुतेक जणी चांगल्या बऱ्या होतात.

गरोदरपणाच्या शेवटी आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त मुळातच जास्त गोठणारं असतं. प्रसूतीत जास्त रक्त जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. त्यात पाणी कमी, उन्हाळा, रक्तक्षय, एखादं इन्फेक्शन यांची भर पडली की मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरा तुंबतात. रक्त मागे साचतं, दाब वाढतो, काही वेळा त्या भागात रक्तस्रावही होतो. उपचार ऐकून नातेवाईक घाबरतात: स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसत असतानाही हेपॅरिन देतात. तो रक्तस्राव तुंबलेल्या शिरेमुळे झालेला असतो, आणि शीर मोकळी होणं हाच त्यावरचा इलाज. त्यामुळे तिथे डॉक्टरांशी वाद घालू नका.

लायडन, प्रोटीन सी-एस यांची तपासणी खरोखर कामाची ठरते ती बहुधा इथे. शिरेतली गुठळी, कमी वय, आणि घरात आणखी कोणाला तसाच त्रास. तीसुद्धा योग्य वेळी केली तरच. लायडनसारख्या दोषात आई किंवा वडिलांकडे एक प्रत असेल तर प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. पण प्रत असलेले बरेच लोक आयुष्यभर गुठळीशिवाय जगतात. तिचं ओझं कळतं ते इस्ट्रोजेनच्या गोळ्या, गरोदरपण, मोठं ऑपरेशन, बरेच दिवस अंथरुणाला खिळणं यांच्या वेळी.

आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. श्रावणात आपल्या खान्देशातली कानबाई देवी बसते, घरात रोटांचा नैवेद्य असतो, कधी लग्नसराई असते. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय पट्टी आणून दिवसेंदिवस घेतली जाते. त्यातलं नॉरएथिस्टेरॉन थोड्या प्रमाणात शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि या गोळ्यांनंतर मेंदूच्या शिरेत गुठळी झालेल्या बायका आमच्यासारख्या डॉक्टरांना भेटतात. बहुतेक बायकांना काही होत नाही हे खरं आहे. पण जिला आधी गुठळी झाली आहे, जिच्या घरात तरुणपणी गुठळ्या झाल्या आहेत, किंवा जिला डोळ्यांपुढे चमकत्या रेघा येऊन अर्धशिशी उठते, तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी किंवा इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी घेऊ नये. कानबाई एवढी कडक नाही. रोटाचं काम जाऊबाई करतील.

आबा_पारोळा

ताई, मन्हा पुतण्याले बी आसंच व्हयनं व्हतं. लकवाना झाडपालाना औषधसाठे दोन ठिकाने लई गयात, तठेच येळ गया. मराठीत सांगतो, सगळ्यांना कळावं म्हणून. गावात लकवा म्हटलं की पहिली गाडी गावठी औषधाच्या ठिकाणी जाते. तिथे नाकात रस टाकतात, तेल लावतात, माणसाला बरंही वाटतं कारण कधी कधी आपोआप थोडा जोर येतो. पण जे तास गेले ते गेले. डॉक्टरसाहेब, नेमके किती तास असतात ते एकदा ठळक लिहा. मी आमच्या पतसंस्थेच्या फळ्यावर लिहून ठेवीन.

तापीकाठचा_डॉक्टर

आबा, नक्की लिहा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिली खूण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत. त्यातही जितकं लवकर तितका फायदा जास्त, कारण मोठी वाहिनी बंद असताना मेंदूच्या सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला मरतात. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढायची सोय मोठ्या शहरात असते. ती सहा तासांपर्यंत, आणि निवडक रुग्णांत स्कॅन पाहून २४ तासांपर्यंत करता येते. माणूस झोपेतून उठतानाच असा दिसला तर तो शेवटचा धडधाकट कधी होता ती वेळ धरायची.

खुणा: तोल अचानक जाणं, एका किंवा दोन्ही डोळ्यांनी अचानक न दिसणं, तोंड वाकडं, एक हात किंवा पाय लुळा, बोली अडखळणं. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. ऊन लागल्याने शरीराची एकच बाजू लुळी पडत नाही, हे उन्हाळ्यात आवर्जून लक्षात ठेवा. तोंडात पाणी, औषध काहीही घालू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. १०८ ला फोन करा आणि निघतानाच विचारा, सीटी स्कॅन आत्ता चालू असलेला दवाखाना कोणता. स्कॅन नसलेल्या ठिकाणी थांबण्यात अर्थ नाही.

धडगावची_सिस्टर

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे. इथे एवढी लायडनची चर्चा झाली, पण आमच्या सातपुड्यात लकव्याचा जो जनुकीय आजार घरोघरी आहे त्याचं नाव कोणीच घेतलं नाही. सिकलसेल.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, आणि खाली शिरपूर, साक्री, चोपडा, यावलच्या पाड्यांवर, भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतला सहावा दुवा बदलतो, आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, मोठ्या वाहिन्यांचं अस्तर खराब करतात. अंग दुखणं, डोळे पिवळे होणं लोकांना माहीत आहे. पण शाळेतलं पोरगं अचानक लंगडायला लागतं, एका हाताने पाटी धरता येत नाही, हे सिकलसेलमुळे असतं हे घरात माहीत नसतं.

एक गोष्ट सगळ्यांना सांगा: वाहक आणि रुग्ण वेगळे. आईवडिलांपैकी एकाकडूनच बदल आला तर मूल वाहक, ते नीट जगतं. दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता रुग्ण मुलाची. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे. आधी विरघळण्याची साधी चाचणी, मग पक्की खात्री हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीने. लग्नाआधी दोघांची करून घ्या. आमच्याकडे उसतोडीला गेलेली कुटुंबं तपासणीतून सुटतात, त्यांना होळीला परत आल्यावर गाठावं लागतं. होळीच्या दिवसांतल्या भोंगऱ्या बाजारात सगळे असतात, तिथे तपासणीचं टेबल लागलं पाहिजे असं माझं मत आहे.

तापीकाठचा_डॉक्टर

सिस्टर, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो मी आधी मांडायला हवा असा होता. लकवा टाळता येतो याचा या विषयातला सगळ्यात पक्का पुरावा सिकलसेलमध्येच आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डोक्यावर सोनोग्राफीसारखं यंत्र लावून मेंदूच्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजला. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलांना नियमित रक्त दिलं, तर पहिल्या लकव्याचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त घटलं. दर महिन्याला रक्त देणं आपल्या डोंगरात कठीण, तिथे हायड्रॉक्सीयुरिया या गोळीचा आधार मोठा आहे. गोळी रोज, रक्ततपासणी वेळेवर, पाणी भरपूर. दोन ते सोळा वर्षांच्या सिकलसेल रुग्ण मुलांची ही डोक्याची डॉपलर वर्षातून एकदा व्हावी. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आता जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे आहेत. तिथे मागणी करा.

शिरपूरवाला

डॉक्टर, बाकीचे जनुकीय आजार? माझ्या मामेभावाला ४० च्या आत लकवा, मामाला ५० च्या आत, दोघांनाही आधी अर्धशिशी.

तापीकाठचा_डॉक्टर

हे मात्र न्यूरॉलॉजिस्टला नीट सांगा. अर्धशिशी, तरुणपणी लहान लहान लकवे, पुढे स्मरणशक्ती जाणं, आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच, असं असेल तर काडासिल नावाचा आजार असू शकतो. नॉच-३ जनुकातला दोष, एमआरआयवर ठरावीक जागी पांढरे डाग दिसतात. लहानपणापासून तळहात-तळपायांची आग, घाम कमी आणि किडनीचा त्रास असेल तर फॅब्रीचा विचार होतो, त्यावर उपचार आहे पण फार महाग. हे सगळे विरळ आजार आहेत. एका एका जनुकाची तपासणी मागण्यापेक्षा तीन पिढ्यांचं झाड कागदावर काढून न्या. कोणाला, कितव्या वर्षी, काय झालं. त्या कागदावरून डॉक्टर अर्धी दिशा ठरवतात.

एरंडोलची_ताई

सॅम्पल दादा, पहिल्या रात्रीचे कागद सापडले. एपीटीटी ५८ सेकंद, कंट्रोल ३०. प्लेटलेट ९८,०००. नर्सच्या चार्टवरून इंजेक्शन त्यानंतर सुरू झालेलं दिसतं. पीटी नॉर्मल.

सॅम्पल_ते_रिपोर्ट

ताई, हे कागद उद्याच्या उद्या तुमच्या डॉक्टरांना दाखवा. हेपॅरिनशिवाय एपीटीटी जवळजवळ दुप्पट आणि प्लेटलेट कमी, आणि तरी माणसाला गुठळी. अशा वेळी लॅबमध्ये आम्ही रुग्णाचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा समप्रमाणात मिसळून परत बघतो. घटकाची कमतरता असेल तर वेळ नॉर्मल होते. वेळ तशीच लांब राहिली तर रक्तात काहीतरी अडवणारं आहे. पुढचं डॉक्टरसाहेब सांगतील.

तापीकाठचा_डॉक्टर

सॅम्पल दादांनी फार मोलाचं पकडलं. ताई, हे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असण्याची दाट शंका आहे. १९८३ मध्ये लंडनला ग्रॅहम ह्यूजेस यांनी हे चित्र मांडलं. शरीर स्वतःच्या पेशींच्या पडद्यावरच्या स्निग्ध पदार्थांना चिकटलेल्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. नळीतल्या चाचणीला लागणारे स्निग्ध पदार्थ याच अँटिबॉडी अडवतात, म्हणून नळीत रक्त उशिरा गोठतं. शरीरात मात्र त्या वाहिनीचं अस्तर आणि प्लेटलेट चेतवतात आणि गुठळी होते. ही धमनीतही होते, शिरेतही. बायकांमध्ये वारंवार गर्भपात होतो. तरुण लकव्यात गोठण्याशी संबंधित जी तपासणी सर्वांत आधी करायची ती हीच: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. तिन्ही.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर यातच आहे. हा दोष आईवडिलांकडून उतरत नाही, तो आयुष्यात मध्येच तयार होतो. पण एकदा पॉझिटिव्ह आलं म्हणून शिक्का मारायचा नाही. साध्या तापानंतरही या अँटिबॉडी काही काळ दिसतात. किमान १२ आठवड्यांनी परत करायची आणि दोन्ही वेळा आली तरच निदान पक्कं.

एरंडोलची_ताई (ऑगस्ट)

मंडळी, उशिरा लिहितेय. मे महिन्यात तिन्ही पॉझिटिव्ह आल्या होत्या. परवा १२ आठवडे उलटल्यावर परत केल्या, तिन्ही तशाच. डॉक्टरांनी वॉरफरिन चालू केलंय, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, दोन ते तीनमध्ये ठेवायचा. स्थिर झाल्यावर केलेलं प्रोटीन एस, गोळी सुरू व्हायच्या आधीच्या सॅम्पलमध्ये, नॉर्मल आलं. भावाने तंबाखू सोडलीय, बीपीची गोळी घेतोय. आता मुठीत पेला धरतो.

तीन प्रश्न राहिलेत. एका नातेवाइकाने सांगितलं की नव्या गोळ्या आल्यात, ज्यांना आयएनआर लागत नाही, त्या का नाही? होमोसिस्टीनचं काय करायचं? आणि बहिणीचं?

तापीकाठचा_डॉक्टर

नव्या गोळ्या: तिन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्यांत रिव्हारोक्साबान आणि वॉरफरिनची तुलना करणारी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्या गोळीवर लकवे आणि हार्ट अटॅक जास्त झाले, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. तुमच्या भावासाठी जुनी, स्वस्त वॉरफरिनच बरोबर आहे. कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नका. पालक, मेथी, शेपू बंद करायची गरज नाही, फक्त रोज साधारण सारख्या प्रमाणात खा. एका आठवड्यात रोज भाजी आणि पुढचे पंधरा दिवस अजिबात नाही, याने आयएनआर हलतो. दुखण्याची गोळी मेडिकलवरून परस्पर घ्यायची नाही, काळं शौच किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर लगेच जायचं.

होमोसिस्टीन: रक्तातलं हे अमिनो आम्ल शाकाहारी घरात बहुतेक वेळा बी-१२ कमी असल्यामुळे वाढलेलं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये प्रसिद्ध केली होती. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन जास्त. तेव्हा जनुकाला दोष देण्याआधी बी-१२ मोजा आणि भरून काढा. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरलं, पण पुढचे लकवे कमी झाले नाहीत. त्यामुळे बी-१२ घ्यायचं ते नसांसाठी, रक्तासाठी. वॉरफरिनला तो पर्याय नाही. नुसतं फॉलिक ॲसिड बी-१२ शिवाय घेऊ नका.

बहीण: तिची अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी आता करायची गरज नाही. तिला स्वतःला गुठळी किंवा वारंवार गर्भपात झाला तरच. तुमच्या घरात उतरण्यासारखं जे आहे ते वडिलांकडे बघा. ४२ व्या वर्षी हार्ट अटॅक. तुम्ही तिघा भावंडांनी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, आणि लायपोप्रोटीन ए एकदा मोजून घ्या. लायपोप्रोटीन ए हा रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, तो बहुतांशी जनुकांवर ठरतो, आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतं, आणि दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचे धोके जास्त कडकपणे आवळायचे. या चार तपासण्यांना मिळून त्या मे महिन्यातल्या यादीच्या तुलनेत फारच थोडे पैसे लागतील. सासरकडच्यांना सांगण्यासारखं यात काही नाही. "भावाला आजार झाला, औषध चालू आहे" एवढंच खरं आहे.

केळीपट्टा

ताई, बहिणीच्या लग्नात भावाला अक्षता उजव्या हाताने टाकायला लावा. होईल.

सॅम्पल_ते_रिपोर्ट

ताई, आयएनआरसाठी एक व्यावहारिक सूचना. रक्त निळ्या टोपीच्या सायट्रेट नळीत घेतात, खुणेपर्यंत भरलेली हवी, कमी भरली तर आकडा खोटा जास्त येतो. नळी भरताना बघून घ्या. सॅम्पल गावात घेऊन बसने जळगावला पाठवण्यापेक्षा, जिथे मशीन आहे तिथेच भावाला नेऊन रक्त द्या, आणि दर वेळी त्याच लॅबमध्ये. वहीत तारीख, आयएनआर आणि गोळीचा डोस तीन रकान्यांत लिहा. पुढची तारीख मिळाली की इथे टाका, आकडा नेहमीपेक्षा वेगळा आला तर आपण बघू.

एरंडोलची_ताई

पुढची तारीख सोमवारची आहे दादा. वही आज आणली.